कार्डवाल्या बाई

कार्डवाल्या बाई बोलताना तोंड फिरवून घेत. समोरच्याचं ऐकताना त्या नीट डोळ्यांत पाहत, पण उत्तर द्यायची वेळ आली की मान डावीकडे वळायची आणि शब्द भिंतीला सांगितल्यासारखे बाहेर पडायचे, तेही हळू. आमच्या बाजारपेठेने त्यावरून त्यांना गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. "शिकलेली बाई हाय. आपल्याकडं बघून बोलायचं म्हंजे कमीपना वाटत आसंल," असं चहाच्या टपरीवर चालायचं. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. पुढे एकदा त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा कारण कळलं. ज्या माश्या त्या वाढवत त्या इतक्या बारीक, की टाचणीच्या माथ्यावर तीन-चार सहज मावाव्यात. त्यांच्याकडे तोंड करून कोणी नुसतं "हो" म्हटलं तरी त्या उडून जायच्या. कित्येक वर्षं बाईंनी आपला श्वास बाजूला सोडला होता. ती सवय माणसांतही तशीच राहिली.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याची जैविक प्रयोगशाळा होती, तिथे त्या कामाला होत्या. माझं कृषी सेवा केंद्र तिथून दोन किलोमीटरवर, कालव्याच्या पुलाजवळ. राहुरी तालुक्यात असलं दुकान नसलेला फाटा सापडणार नाही. म्हणजे बाई माश्या वाढवायच्या आणि मी कीटक मारायची औषधं विकायचो. उसाच्या खोडकिडीचा पतंग पानावर अंडी घालतो. बाईंची माशी त्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग आतली अळी जन्माला यायच्या आधीच संपते आणि आठवड्याभराने त्याच अंड्यातून नवी माशी बाहेर पडते. बाई या माश्या धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवत. ती अंडी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर डिंकाने चिकटवत, आणि शेतकरी त्या कार्डाचे तुकडे कापून उसाच्या पानाखाली टाचत. म्हणून त्या कार्डवाल्या बाई. त्यांचं खरं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं, तिथेच राहिलं.

बाई कधी माझ्या दुकानात शिरल्या नाहीत. काही विचारायचं असलं की पायरीखाली, रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि मला खाली यावं लागायचं. बाई मूळच्या नगरजवळच्या भिंगारच्या, बौद्ध घरातल्या. माझ्या आईला वाटलं, बाई जुन्या रीतीला घाबरून बाहेर थांबतात. आई तेव्हा रोज दुपारी गल्ल्यावर बसायची. एक दिवस तिला राहवलं नाही. ती दारात येऊन म्हणाली, "आत या की हो बाई. आता कोन पाळतंय तसलं?"

बाई पहिल्यांदा खळखळून हसल्या. "तसं नाही हो आई. मला विटाळ होतो तो तुमच्या औषधांचा. हा वास साडीला बसला तर आज मला माझ्याच खोलीत जाता येणार नाही."

आईला आधी कळलं नाही, कळल्यावर तीही हसली. पण संध्याकाळी मला म्हणाली, "त्या बाईला आपन काय काय समजलो रं."

वासाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. अंगाला पावडर नाही, केसाला वासाचं तेल नाही, कधी गजरा नाही. प्रयोगशाळेत उदबत्ती लावायला बंदी, डासांची कॉइल लावायला बंदी. एकदा एका साहेबांना अत्तर लावून आले म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट साहेब बरीच वर्षं विसरले नाहीत. कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत नसत. बाई जाणाऱ्याही नव्हत्या. त्यामुळे कोणाचंच काही अडत नाही, असं सगळे मानून चालत. पण संक्रांतीच्या दिवसांत मी एकदा तिकडे खताची पोती टाकायला गेलो होतो. सगळ्या क्वार्टरांपुढे रांगोळ्या होत्या, बायकांची ये-जा होती, आणि बाई आपल्या ओट्यावर बसून एकट्याच कागदाची कार्डं कापत होत्या. मला बघून त्यांनी कात्री खाली ठेवली, जणू काही चोरून करत होत्या.

रजा हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "त्यांचं सगळं आयुष्य पंधरवड्याचं," त्या माश्यांबद्दल म्हणायच्या. "मी चार दिवस गेले तर इथे एक पिढी बुडते." त्यांचे वडील लष्कराच्या एका कार्यालयात नागरी कर्मचारी होते. ते गेले तेव्हा बाई सकाळच्या एसटीने भिंगारला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. त्या दिवशी माश्या निघायच्या होत्या. फाट्यावर उतरल्या तेव्हा मी दुकानात होतो. पायरीखाली येऊन म्हणाल्या, "शेठ, गाडी असेल तर कारखान्यापर्यंत सोडता?" मी सोडलं. वाटेत एवढंच बोलल्या, "बहीण म्हणाली, तुझ्या किड्यांना माणसांपेक्षा जास्त कळतं का? मी काय सांगणार?" मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीतून उतरताच जवळजवळ धावत गेल्या.

शेतकरी सगळ्या फवारणीला औषध म्हणतात. माझ्या दुकानाच्या पाटीवरही तेच लिहिलं आहे. बाईंना तो शब्द खपत नसे. "औषध आजाऱ्याला देतात, शेठ. हे विष आहे. विष म्हणून विका, मग लोक जपून वापरतील." तरी त्या फवारणीच्या विरुद्ध होत्या असं कोणी म्हटलं तर ते खोटं. कोणतं विष, किती, आणि मुख्य म्हणजे कधी, एवढाच त्यांचा प्रश्न असायचा. एकदा एक तरुण शेतकरी माझ्यासमोर त्यांच्याशी वाद घालत होता. बाटलीवरचा, सगळ्यात कमी विषारी म्हणून छापतात तो हिरवा त्रिकोण दाखवून म्हणाला, "हे बघा बाई, हिरवं हाय. ह्यानं काय व्हत न्हाई."

बाईंनी मान वळवली आणि रस्त्याला सांगितलं, "तो त्रिकोण माणसासाठी छापलाय. माशीसाठी अजून कोणी त्रिकोण छापला नाही."

तो छापायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. माझ्याकडून उघड्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेले चमचा-चमचा थेंब त्या काचेच्या कुपीत न्यायच्या. शेतकरी पंपात जेवढं टाकतो त्या मापाने पातळ करून काचनळीला आतून लावायच्या, वाळू द्यायच्या, त्यात माश्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी किती जगल्या ते भिंगातून मोजायच्या. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दिवसाचं काम संपल्यावर त्या हे करायच्या. मी एकदा विचारलं, "विद्यापीठातली मोठी माणसं हे करतच असतील की." त्या म्हणाल्या, "करतात ना. पण ते पुस्तकात येतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात तुमचं बिल येतं, पुस्तक येत नाही."

त्या दिवशी त्यांनी मला भिंगातून पाहू दिलं. आयुष्यात मी हजारो बाटल्या विकल्या, पण बाटलीचं काम असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. एका नळीत सगळ्या माश्या तळाला पडलेल्या होत्या. दुसऱ्या नळीतल्या हिंडत होत्या. "ह्या तर जगल्या," मी खुशीत म्हणालो, कारण ते औषध माझ्याकडे खूप खपायचं. बाईंनी त्या नळीत अंड्यांची एक पट्टी सरकवली. माश्या अंड्यांवरून चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा चालत गेल्या. एकही थांबेना.

"जिवंत आहेत," बाई बाजूला बघत म्हणाल्या, "पण कशासाठी आलो ते विसरल्यात. मेलेल्या मोजता येतात, शेठ. ह्या कशात मोजायच्या?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माशी अंड्याच्या आत असते तोवर काही विषं तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पण बाहेर पडायला तिला ते कवच तोंडाने कुरतडावं लागतं, आणि कवचावर फवारा बसलेला असतो. "जगात आल्यावर पहिला घासच तो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, नेहमीसारखंच.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे गंगाधर आबा म्हणून मोठे ऊसवाले होते. नव्या लागणीच्या उसात त्यांनी बाईंची कार्डं लावली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. म्हणाले, "कार्डं लावल्यात. पन म्हनलं, जोडीला येक हात फवारून घ्यावा. चालतंय ना?" भिंगातून पाहिलेलं मला ठाऊक होतं. पण दुकानात गर्दी होती, आबा मोठं गिऱ्हाईक होतं, आणि "नको" म्हटलं तर ते शेजारच्या दुकानात जाणार हे दिसत होतं. मी म्हणालो, "मारा की आबा. दुप्पट काम होईल."

महिन्याने कारखान्यावर ऊस मेळावा झाला. मंडपात दोनेकशे माणसं असतील. साहेबांनी विचारलं, कोणाची काही तक्रार? आबा उठले. "ह्या बाई खसखस चिटकवून देत्यात कागदाला. माझ्या उसात निम्मे कोंब वाळून गेले. ह्यात माशी न्हाई, काय न्हाई. नुसता कागद हाय." लोक हसले. व्यासपीठावरचे साहेबही हसले, अत्तरवाले तेच.

बाई बाजूला, बायकांच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आबा, कार्ड लावल्यावर काही फवारलं होतं का?"

"न्हाई. येक थेंब न्हाई," आबा म्हणाले, आणि बसता बसता त्यांची नजर माझ्याकडे आली. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहत राहिलो. बाईंनी क्षणभर उत्तराची वाट पाहिली आणि मग त्या मंडपाबाहेर गेल्या. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही. जेवणाच्या पंगतीतही त्या दिसल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी आबांच्या बांधावर फेऱ्या घातल्या. पानं कापून आणली, शेजारच्या न फवारलेल्या उसाचीही आणली, आणि दोन्हींवर माश्या सोडून पाहिल्या. इतक्या दिवसांनी पानांवर काही उरलं नव्हतं. दोन्हीकडच्या माश्या जगल्या. पुरावा हाती लागला नाही. मग त्या माझ्या पायरीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, नाव विचारत नाही. विष कोणतं होतं, तेवढं सांगा."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मेळाव्यात त्यांनी आबांची नजर पाहिली होती आणि माझी मानही. मी विषाचं नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेच विष नव्या माश्यांवर तपासलं आणि दोन पानांचा अहवाल करून वर पाठवला. त्यात माझ्या दुकानाचा उल्लेख नव्हता, आबांचाही नव्हता. फवारणीनंतर किती दिवस थांबून कार्ड लावावं, आणि कार्ड लावल्यावर काय चुकूनही मारू नये, एवढंच होतं. मी म्हणालो, "बाई, माझं नाव घातलं असतंत तर तुमच्यावरचा आळ गेला असता."

"आणि तुम्ही मला थेंब दिले नसतेत," त्या म्हणाल्या. मग मान वळवून, "तुम्ही निदान विचारलं की सांगता. बाकीचे तेवढंही नाही."

त्या अहवालाचं पुढे काही झालं नाही. बाईंनी मात्र त्याचा एक तक्ता हाताने रंगवून मला दिला. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाचे त्रिकोण, आणि प्रत्येकासमोर एक छोटी माशी काढलेली. मी तो दुकानात लावला. पंधरा दिवसांनी एका कंपनीचा माणूस आला, त्याने वाचला, फक्त माझ्याकडे पाहिलं. तो गेल्यावर मी तक्ता काढून ठेवला. बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांना रस्त्यावरून मोकळा खिळा दिसला. म्हणाल्या, "तो खिळा काढून टाका. गिऱ्हाइकाचा सदरा फाटेल." पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

त्याच सुमारास त्यांचा खोकला वाढला. धान्यातल्या पतंगांच्या पंखांवर बारीक भुकटी असते. पेट्या उघडताना ती हवेत उडते आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहते. बाई तोंडाला ओढणी बांधायच्या, पण ओढणीने काय थांबणार? हाताखालच्या दोन बायकांना श्वासाचा त्रास झाला म्हणून त्यांनी काम सोडलं, त्यांच्या जागी कोणी दिलं नाही. प्रयोगशाळेच्या तिन्ही खोल्या बाई एकट्या सांभाळू लागल्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. "दाखवलं. म्हणतो, हे काम सोडा. ते सोडून बाकी सगळी पथ्यं पाळते."

शेवटी कामानेच त्यांना सोडलं. कारखान्यात नवा कारभार आला. कार्डांना मागणी नाही, शेतकऱ्यांचा विश्वास नाही, लागलीच तर बाहेरून मागवता येतील, म्हणून प्रयोगशाळा बंद करायचं ठरलं. बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांना आधीच मोकळं केलं. त्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला. त्यांचा पहिलाच.

"शेठ, टेम्पो आहे का? शेवटची कार्डं आहेत. उद्या सकाळी माश्या निघतील. इथे ठेवली तर बंद खोलीत मरतील. कोणाच्या तरी रानात लावून येऊ."

मी टेम्पो घेऊन गेलो. बाई पुढे माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर बर्फाच्या पेटीत कार्डं होती. तीसेक असतील. मी गाडी आधी नीट धुऊन घेतली होती, तरी बसताना त्यांनी एकदा वास घेतला.

"कुठे न्यायचं?" मी विचारलं.

"ज्याने आठ-दहा दिवसांत काही फवारलं नाही, अशा कोणाच्याही."

मी कालव्याच्या कडेने निघालो. पहिला मळा आला. हिरवागार ऊस. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इथे नको. परवाच नेलंय." पुढची मका. "इथेही नको. सोमवारी मारलंय." त्यापुढे कांदा, त्याला लागून ऊस. "ऊस मोकळा आहे, पण कांद्यावर काल फवारलं, वारा इकडचाच आहे." कोणी काय नेलं, कधी नेलं, किती नेलं, सगळं माझ्या तोंडपाठ होतं. बिलं मीच केलेली. एकेका बांधापाशी गाडी हळू करायची आणि मी "नको" म्हणायचं. तास झाला, दीड तास झाला. आमचं शिवार मी लहानपणापासून पाहिलेलं, पण त्या दुपारी मला ते दुसरंच दिसलं. जिथे जिथे बोट दाखवायचं तिथे माझंच दुकान उभं होतं. पाच गावांच्या हिरव्या रानात बाईंची पेटी खाली ठेवायला जागा नव्हती.

एका फाट्यावर मी गाडी बंद केली. म्हणालो, "बाई, मला जमत नाही आता."

त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही. म्हणाल्या, "चला. अजून ओढ्यापलीकडे पाहू. ऊन उतरलं की लावायला बरं पडतं."

ओढ्यापलीकडे हौसामावशीचं वीस गुंठ्यांचं रान होतं. मुलगा पुण्याला, म्हातारी दोन म्हशींवर जगायची. रानात वैरणीची मका होती. हौसामावशी कधी माझ्या दुकानात आलेली मला आठवत नव्हती. मी बांधावरून विचारलं, "मावशी, मकंवर काय फवारलंय का?"

"कशाला फवारू?" ती म्हणाली. "माज्या म्हशीच्या तोंडी जातंय ते. किडं खात्यात थोडं, खाऊ दे. त्यास्नी बी प्वाट हाय."

बाई गाडीतून उतरल्या. म्हातारीला कार्ड म्हणजे काय हे त्यांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चावत न्हाईत ना म्हशीला?" बाई म्हणाल्या, "नाही. तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत."

"मंग लावा की."

सूर्य कलेपर्यंत आम्ही तिघं मकेत होतो. बाई तुकडे कापून द्यायच्या, मी पानाच्या खालच्या बाजूला टाचायचो, म्हातारी मागून पान सारखं करायची. एवढ्याशा रानाला तीस कार्डं फारच झाली. बाईंनी तरी एक तुकडा शिल्लक ठेवला नाही. रिकामी पेटी त्यांनी मावशीला देऊन टाकली, भाकरी ठेवायला. परतताना त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी मी इथे नसेन. पहिल्यांदाच." मी नुसतं "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या एसटीला त्यांना बसवून द्यायला मीच होतो. दोन पिशव्या आणि एक ट्रंक, वीस वर्षांचं सामान एवढंच. वसाहतीतलं कोणी आलं नाही. वाईट वाटायचं कारण नव्हतं, बाई म्हणाल्या. कोणाला सांगितलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी मी हौसामावशीच्या रानात गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून गेलो. मकेच्या पानांखाली शोधत राहिलो तेव्हा एका पानावर काळी पडलेली अंडी दिसली. अंड्यात माशी वाढत असली की ते काळं पडतं, हे बाईंनीच शिकवलं होतं. ते पान डबीत घालून मी भिंगारला गेलो. जुन्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी विचारलं तर शेजारच्यांना त्या काय काम करायच्या हे सांगता येईना. "फॅक्टरीत होत्या म्हणे कुठेतरी." बाई खूप वाळल्या होत्या. उशाशी श्वासाचा पंप होता. डबी उघडून त्यांनी पान उजेडाकडे धरलं, ट्रंकेतून भिंग काढलं आणि खूप वेळ पाहिलं.

"काळी आहेत," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच माश्या, बाई!"

"असं म्हणता येत नाही, शेठ. रानातही असतात त्या, आपल्या आपण. ही कोणाची, ते सांगता येणार नाही." पण पान त्यांनी परत दिलं नाही. निघताना गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. "पुढच्या वेळी फोन करून या," म्हणाल्या, "नाहीतर मी घरी नसायची." त्या कुठे जात नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी फोन केला नाही. हंगाम सुरू झाला होता, आणि दुकानात मी एक नवीन खोड लावून घेतली होती. कोणी फवारणीचं मागितलं की आधी विचारायचं, शेजारीपाजारी कोणी कार्डं लावलीत का, रानात मधमाश्या आहेत का, खरंच मारायची गरज आहे का. काही जण थांबून ऐकतात. काही जण "शेठला धंदा नको झालाय" म्हणत पुलापलीकडच्या दुकानात जातात. हे बाईंना सांगायचं म्हणून मी एक दिवस ठरवत होतो. तेवढ्यात त्यांच्या बहिणीचाच फोन आला. बाई जाऊन आठ दिवस झाले होते.

मी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणवंदनेच्या, दिवशी पोचलो. गल्लीत मांडव होता, समोर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी बाईंचा फोटो. फोटोत त्या सरळ समोर पाहत होत्या. वंदना झाली. मग दोन-तीन नातेवाईक बोलले. स्वभावाने शांत होत्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणाले. माश्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही; बोलायला कोणाला माहीत नव्हतं. मी कडेला उभा होतो. पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आपण कोण? नातेवाईक?"

दुकानाचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "मी बाईंकडे शिकायला होतो."

"बाई शिकवायच्या?" ते चकित होऊन म्हणाले. "आम्हाला कधी बोलल्याच नाहीत." मग ते सतरंजीवर थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने साफ करून म्हणाले, "बसा. सांगा आम्हाला."